एक टन पुरेल

फ्रिजवरचा तापमानाचा आकडा ५.८ झाला आणि सुधींद्र आणखी जवळ सरकला. सहाच्या वर गेला की आतलं रक्त टाकून द्यायचं.

केशवापूरच्या त्या रक्तपेढीत असे आठ फ्रिज. एप्रिलची दुपार, खोलीत एक्केचाळीस अंश. फ्रिज आतली उष्णता खोलीत ओततात आणि खोलीतली बाहेर काढायला एसी लागतो. तो केवढा हवा, हे सुधींद्रनंच मोजून लिहून दिलं होतं. एक टन पुरेल. खाली झोकदार सही. आता एसी नुसता घरघरत होता आणि सहीवाल्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"कलघटगीहून बाळंतिणीचा भाऊ निघालाय," रक्तपेढी सांभाळणाऱ्या हेमावती म्हणाल्या. "तिच्या गटाच्या दोनच पिशव्या आहेत बघा. ह्याच फ्रिजात."

५.९.

"अक्का, हा उघडू नका. बाकीच्या सगळ्या पिशव्या शेजारच्या दोन फ्रिजांत कोंबा. पाच बंद करतो मी."

"मावायच्या नाहीत हो."

"मावल्या पाहिजेत!"

पहिला प्लग निघेना. पाचवा निघाला तेव्हा खोलीतला आवाज एकदम कमी झाला. दोघं आकड्यासमोर उभे राहिले. एरवी देवळाबाहेरूनच हात जोडणाऱ्या सुधींद्रनं मारुतीला नारळ बोलला. ५.९. ५.९. पंधरा मिनिटांनी ५.६.

भाऊ आला. सोबत आणलेल्या बर्फाच्या पेटीतून दोन्ही पिशव्या घेऊन गेला. सुधींद्र तिथंच फरशीवर बसला.

हेमावतींनी पदरानं तोंड पुसलं. जीव भांड्यात पडल्यावर माणूस बोलतो तशा त्या बोलू लागल्या. "पाच बंद बघून खंडेनवमी आठवली की. तुम्ही मोजायला आलात तेव्हा असेच तीन चालू होते. रक्त यायचं होतं अजून. बाकीच्यांना हार घालून विसावा दिला होता आम्ही. चुरमुऱ्यांचा प्रसाद नाही का खाल्लात?"

खाल्ला होता. पूजेच्या यंत्रांना हात लावायचा नाही म्हणून त्यानं बाहेरच्या मेन वायरलाच मीटर लावलं होतं, आणि दिसला तो विजेचा आकडा आठही फ्रिजांचा म्हणून लिहून घेतला होता.

सुधींद्र धडपडत उठला आणि फोन शोधू लागला. त्या दिवशी इथून तो थेट धारवाडला गेला होता, दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा नवा विभाग मोजायला.

तिथंही त्यानं ओंजळभर चुरमुरे खाल्ले होते.