नाजूक पावलं

मलय स्त्रीचा आत्मा मराठी कथेत पहिल्यांदा पकडला गेला तो सिंगापूरच्या चोआ चू कांगमध्ये, अकराव्या मजल्यावर, एका रविवारी दुपारी. पकडणाऱ्या शिरीषला मलय भाषेतले तीनच शब्द येत होते आणि तिन्ही खाण्याचे होते.

"नाजूक पावलं, अनवाणी," त्याने बायकोला वाचून दाखवलं. "केसांत चाफा. चालते तर जमिनीला स्पर्श होत नाही. काही विचारलं की बोलत नाही, नुसत्या पापण्या झुकवते."

"ही कोण?" नंदाने विचारलं.

"समोरची नोराइनी."

"अहो, ती बस चालवते! डोक्याला स्कार्फ असतो तिच्या. केस कधी पाहिलेत तुम्ही? आणि बोलत नाही कसली, परवा लिफ्टमध्ये ओरडली की तुमच्यावर, दार अडवू नका म्हणून."

"वाचकाला बस नको असते," शिरीष म्हणाला, आणि त्याने कथा दिवाळी अंकाला मेल करून टाकली.

तेवढ्यात चाफ्याचा वास आला. अकराव्या मजल्यावर चाफा कुठला? त्याने दार उघडलं.

बाहेरच्या जाळीच्या दारापलीकडे नोराइनी उभी होती. अंगात ड्रायव्हरचा गणवेश, कडक इस्त्रीचा. स्कार्फवर कुणीतरी खोचल्यासारखं चाफ्याचं फूल. पाय उघडे, आणि फरशीपासून बोटभर वर.

"नोराइनी? आर यू ओके?"

तिने पापण्या झुकवल्या.

नंदाने विचारलं. पुन्हा पापण्याच. मग ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आवाज काही फुटला नाही. कपाळावर घाम होता. शिरीषच्या कथेत घाम नव्हता.

"एक तरी वाक्य दिलंत का हो तिला?" नंदा कुजबुजली.

शिरीष शेवटी लेखक. "देतो ना," तो जाळीला धरून म्हणाला. "चांगलं दोन पानांचं स्वगत देतो. त्यात समुद्र घालतो."

नंदाने ते घाईघाईने इंग्रजीत सांगितलं. नोराइनीने त्याहून घाईने मान हलवली आणि जाळीतून ड्युटीचा कागद आत सरकवला. मागे इंग्रजीत खरडलं होतं:

'अंकल, समुद्र नको. उद्या सकाळची पहिली बस माझी आहे आणि पाय ब्रेकला टेकत नाहीत. बूट लिहा प्लीज. अडतीस नंबर. जरा जड.'