आतून कडी

उदयच्या बँकेतल्या बदल्यांपायी मीनाक्षीनं जन्मभर दुसऱ्यांच्याच भिंतींना खिळे ठोकले होते बरं का! म्हणून कोलकात्याच्या बागबाजारातलं जुनं घर पाडून बांधलेला हा कोरा करकरीत फ्लॅट तिला काही सोडवेना.

दलाल बिस्वासबाबू हिंदीत म्हणाले, "बौदी, म्हणजे वहिनी, पावणेतीनशे वर्षांपूर्वी तुम्हा मराठ्यांच्या धाडींना घाबरून आमचे लोक पोराबाळांसह कड्या लावून लपायचे, इथे खंदकसुद्धा खणला होता. आणि आता तुम्हीच घर घेताय!"

तिघंही खो खो हसले.

"अहो, देवघर इथे करू," मीनाक्षी मराठीत म्हणाली. आतल्या रिकाम्या खोलीचं दार धाडकन लागलं.

"वारा असेल गं," उदय म्हणाला. तर त्या दाराची कडी आतून सरकली!

बिस्वासबाबूंनी बंगालीत हाका मारल्या. कुणी ओ देईना. "आत कुणीच नाही, बौदी," ते पुटपुटले. तोंड मात्र पांढरंफटक.

मीनाक्षीनं दाराला कान लावला. आत एक लेकरू मुसमुसत होतं. तिला भडभडून आलं, आणि तोंडून मराठीच निघालं, "घाबरू नको रे राजा. आम्ही इथेच राहायला येतोय."

मुसमुसणं मध्येच तुटलं, कुणी त्याच्या तोंडावर हात दाबावा तसं.