वेरा आजीचा शोकप्रस्ताव

आजोबांनी रशियाहून लग्न करून आणलेली आमची वेरा आजी सासरची प्रत्येक एकादशी पाळायची. मद्रासच्या आमच्या मराठी मंडळाचं सभासद व्हावं, एवढीच तिची हौस होती. तिनं एकोणीस अर्ज केले आणि एकोणीस वेळा उत्तर आलं, 'जन्मानं मराठी नाही.'

१९६३ साली ती गेली. दहाव्या दिवशी मंडळाचे चिटणीस नागोजीराव घरी आले.

"कनका, तुझ्या आजीला काल एकमतानं सभासद करून घेतलं. रविवारी शोकसभा आहे."

"मेल्यावर जन्म बदलतो का, काका?"

"चिडू नको गं. शोकप्रस्ताव मराठीतच हवा, आणि मंडळात मराठी लिहिता कुणाला येतं? आजवरचे सगळे तीच तर लिहून द्यायची."

ते जरा घुटमळले. "स्वतःचा लिहून ठेवलाय का, बघतेस?"