गाड्यांची गेम

सृष्टीच्या स्नायूंचं दुखणं बळावलं. “अण्णा, लहानपणची ती गाड्यांची गेम एकदा खेळायची हाय,” ती फोनवर म्हणाली. भाऊ वीरेश सुट्टी काढून लातूरला आला. जुन्या कॉम्प्युटरला विंडोज झेपेना म्हणून त्यानंच लिनक्स टाकलं होतं. गेम मात्र विंडोजवरच चालणारी, लिनक्सवर सहजी उघडेना. सकाळपासून तो झगडत होता. कधी फाइल सापडेना, कधी पडदाच काळा. “जेवून घे,” आई म्हणाली. तो उठला नाही. दिवेलागणीला एकदाची गेम उघडली, इंजिन घुरघुरलं. सृष्टी खुदकन हसली. त्यानं तिची बोटं बटणांवर ठेवली. गाडी जागची हलेना. “परत अडकली!” तो वैतागला. “गेम बरोबर हाय, अण्णा,” सृष्टी हळूच म्हणाली, “माझ्याच बोटांनी बटण दबंना.” वीरेशनं तिची बोटं बटणांवरून अलगद उचलली. ती म्हणाली, “तू चालव. मी वळणं सांगते.” डोळे पुसून त्यानं गाडी काढली. “डावीकडं,” ती म्हणाली.