बहर येईपर्यंत

नर्सरीत चाकाच्या खुर्चीत बसून अण्णा एकेका गुलाबाचा वास घेत होते. खुर्ची ढकलणारी त्यांची मुलगी शरयू धीर गोळा करत होती. आई गेल्यापासून नऊ वर्षं ती त्यांना सोडून राहिली नव्हती.

एका फिक्या गुलाबी फुलाशी अण्णा थांबले. "हाच! काय घमघमाट आहे!"

"झुडूप भरून फुलायला तीन वर्षं लागतील, काका," माळी म्हणाला.

"लागू देत. आमची शरयू आहे ना!"

शरयूने सांगून टाकलं, "अण्णा, मला रत्नागिरीत नोकरी लागलीय. जूनमध्ये जायचंय."

अण्णांनी हातातलं फूल सोडलं नाही. "जा की," ते हळूच म्हणाले. "मी राहीन पडून."

 शरयूने ते कलम बांधून घेतलं आणि पुढची तीन वर्षं आपण खत कधी घालायचं, तेही माळ्याला विचारलं.