दगाकाकांचं रक्त

निवृत्तीच्या दिवशी सरांनी शरीरक्रियाशास्त्र विभागाच्या कपाटाची किल्ली मला दिली. आत त्यांच्या पेशीपटलावरच्या संशोधनाच्या वह्या होत्या. पंचवीस वर्षं प्रत्येक प्रयोगाला रक्त आमचे शिपाई दगाकाका यांच्याच बोटातलं. इतरांच्या तांबड्या पेशी ज्या कमी मिठाच्या पाण्यात फुटायच्या, त्यात काकांच्या टिकायच्या. त्यावरच सर प्राध्यापक झाले. पहिल्याच वहीत पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘थॅलेसेमियाचा वाहक. सांगू नये, घाबरून रक्त द्यायचा नाही.’ तारीख काकांच्या लेकीच्या लग्नाआधीची. तेव्हा कळलं असतं, तर जावयाचीही तपासणी झाली असती. लेक आणि जावई दोघंही वाहक, म्हणून आता नातवाला थॅलेसेमिया; दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं. “काका, सर तुमच्या रक्ताबद्दल कधी काही बोलले?” मी विचारलं. “बोलले ना. म्हणायचे, दगा, तुझं रक्त म्हणजे हजिऱ्याच्या कारखान्यातलं पोलाद.” मग हळूच म्हणाले, “ताई, असलं रक्त नातवाला का चढवत नाहीत?”