पोत्यावरची देवी

"उदो गं आई, उदो!" विठाबाई ओरडल्या आणि अंगणात दाटीवाटीनं बसलेल्या बायकांनी हात जोडले.

समोर पोत्यावर त्यांची सून दैवशाला बसली होती. गुडघे दुमडलेले, तळवे मांड्यांवर, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर, डोळे वर भुवयांच्या मध्ये. घशातून मोठा 'हाऽऽ' निघाला आणि पुढच्या बाईनं लगबगीनं तिच्या पायाशी नारळ ठेवला. दैवशालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगात बिंगात काही आलं नव्हतं. ते हठयोगातलं सिंहासन होतं, सिंहासारखी जीभ काढून करायचं आसन.

तुळजापूरला महेश्वरी मॅडमच्या वर्गाला ती गेली होती कंबरदुखीसाठी. कंबर दुखायची थांबली ती थांबलीच, वर दुसरंच काही हाताला लागलं. आसनं झाली की ती कान बोटांनी मिटून भुंग्यासारखी गुणगुणायची. गुणगुणणं थांबलं की पिठाची गिरणी बंद झाल्यावर वाटतं तसं हलकं वाटायचं. शेरडं, चूल, तामलवाडी गाव, सगळं जिथल्या तिथं असायचं, पण कशाचंच ओझं नसायचं. एवढ्या वेळा देवळात जाऊन आली बाई, पण आपल्याच आत एवढी शांत जागा आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिथं बसलं की सुख वाटायचं. रडू यावं इतकं सुख.

नवऱ्याला, धनाजीला, हे कळलं आणि तो भडकला. बाईमाणसानं अंगणात असली थेरं करायची? गाव काय म्हणेल? त्यानं तिची सतरंजी गोठ्याच्या पत्र्यावर भिरकावली. "उद्यापासनं बंद!"

दुसऱ्या दिवशी दैवशाला पोतं अंथरून बसली. बाई हट्टाची. धनाजी ताडताड बाहेर आला. तो काही बोलायच्या आत सासूबाई धावल्या. सुनेची बाहेर आलेली जीभ बघून त्यांनी तिच्या कपाळाला मळवट भरला आणि गल्ली दणाणून सोडली. "धन्या, पाया पड! देवी आली रं सुनंच्या अंगात!"

धनाजी पाया पडला. पाया कसला पडतोय, लोटांगणच घातलं गड्यानं.

तेव्हापासून तिच्या आसनाला कुणी आडवं गेलं नाही. धनाजी स्वतः उठून सडा टाकायला लागला. बघा म्हणजे! पण रोज दोन-चार बायका येऊन बसायच्या आणि मंगळवारी तर अंगण भरायचं. श्वास आत घेतला की त्यांच्या नजराही आत यायच्या. ती शांत जागा काही सापडेना. ज्याच्यासाठी बसायचं तेच गेलं आणि बसणं तेवढं उरलं. खरं सांगितलं तर धनाजी लगेच पोतं गुंडाळणार. म्हणून दैवशाला जीभ बाहेर काढून गप्प होती.

आज मंगळवारी अयोध्याकाकू पुढं सरकल्या. मांडीवर नात होती, निकिता. पोर तापानं फणफणली होती.

"आई, परवापास्नं ताप हाय हिला. तुझा वार येऊस्तवर थांबले. काय करू, सांग."

परवापासून! दैवशालानं जीभ आत घेतली, पदरानं कपाळावरचा मळवट खसाखसा पुसला आणि उभी राहिली.

"काकू, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. आन् समद्याजणी ऐका. देवी आली न्हाय. कधीच आली न्हवती. ही मीच हाय."

अयोध्याकाकू पोरीला कवटाळून रस्त्याकडं पळाल्या. बाकीच्या बायका कुजबुजत उठल्या. नारळवालीनं आपला नारळ उचलून पिशवीत घातला. बघता बघता अंगण रिकामं झालं. हातात बादली घेतलेला धनाजी तेवढा उरला, आणि पायरीवर टेकलेल्या विठाबाई.

"म्हंजे इतके दिस नाटक? येड्यात काढलंस मला?" धनाजीचा आवाज चढला. "उचल ते पोतं! आजपासनं बंद!"

दैवशाला पुन्हा खाली बसली. पाय दुमडले.

"बंद न्हाय. उद्या बी बसनार, परवा बी बसनार. पोतं न्या तुमी, मी मातीवर बसंन. पर देवी म्हणून न्हाय. दैवशाला म्हणून बसनार."

धनाजी आईकडं वळला. "बघ आई! तुला बी फसवलं हिनं."

"मला कोन फसवतंय?" विठाबाई म्हणाल्या. "जीभ भायेर काढली म्हंजी देवी येती व्हय रं? मला पयल्या दिशीच ठावं व्हतं."

"मग वरडलीस कशाला?"

"सुनंला घटकाभर बसू दे, असं म्हनले असते, तर ऐकलं असतंस?"

विठाबाई उठल्या. रस्त्याच्या दिशेनं एकदा बघितलं.

"अयोध्या आजारी पोरीला घेऊन वाट बघत बसंल, ह्ये मातुर ध्यानात आलं न्हाय. तेवढं चुकलंच माझं." त्यांनी लेकाच्या हातातली बादली काढून खाली ठेवली. "तू ल्हान असताना दर मंगळवारी माझ्या अंगात यायचं, आठवतंय का? तुझ्या बापाच्या घरात मला बी तेवढीच घटकाभर मिळायची."